जासईचा लढा आणि दाद मागण्याचा अधिकार

नवी मुंबईसाठी 1970 पासून ठाणे, पनवेल व उरण भागांतील 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या, जासई त्यांपैकीच. 1894 च्या भूसंपादन कायद्याचे 18 वे कलम खातेदारास न्यायालयाची वाट दाखवी खरे, परंतु ती मोजणी, मोबदला व त्याची वाटणी एवढ्यापुरतीच; विकासाच्या लाभातील वाटा तेथे मागता येत नसे. जासईचेच वकील दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. 16 व 17 जानेवारी 1984 रोजी पोलिसांच्या गोळीबारात 5 जण मृत्यू पावले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली ती ह्या लढ्यामुळे, निवाड्यामुळे नव्हे.

ह्याच टापूतील न्हावा-शेवा बंदर 1989 पासून चालू आहे. तेथून माल घेणाऱ्या मोठ्या जर्मन कंपन्यांना 1 जानेवारी 2023 पासून पुरवठासाखळीतील दक्षतेचा कायदा लागू झाला. बेकायदा भूमिहरणही त्याने निषिद्ध मानले आहे. तथापि 3 ऱ्या कलमान्वये कर्तव्यभंगातून दिवाणी दायित्व उद्भवत नाही. पीडिताला कंपनीकडे वा जर्मन नियामक कार्यालयाकडे तक्रार करता येते. ज्याच्यावर करारातून हा भार लोटला जातो, त्या पुरवठादारास सर्वसाधारण करारकायद्याचा आधार घेता येतो.