बॉयलरमधलं मीठ आणि इंजिनिअरची हिंमत : जालन्यात बसून आगबोटींचा इतिहास कसा वाचायचा?

सागरी इंजिनिअरांचा इतिहास हा विषय घेतला की जालन्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "इथं कुठंय समुद्र?" प्रश्न चुकीचा नाही. आपल्या कुंडलिकेलाच वर्षातले बरेच महिने धड पाणी नसतं. पण जहाजाच्या इंजिनरूममध्ये जे ज्ञान लागतं ते पाणी, आग आणि लोखंड यांचं असतं. आणि या तिन्ही गोष्टींशी झगडणं जालन्याला नवीन नाही.

आज एकच प्रश्न घेऊ. किनारा दिसत नाही, सुटा भाग मिळत नाही, मदतीला कुणी येणार नाही, अशा वेळी इंजिनिअर कशाच्या जोरावर टिकत होता? पटकन येणारं उत्तर म्हणजे "हिंमत". इतिहासाच्या विद्यार्थ्याने या शब्दापाशी जरा थांबलं पाहिजे. जो वाचला त्याला आपण नंतर हिंमतवान म्हणतो. पण तो वाचला कसा, हे त्यातून कळत नाही.

आधी काम समजून घ्या

१८३०-४०च्या काळातल्या आगबोटींच्या बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी जायचं. या पाण्यात वजनाने साधारण बत्तिसावा भाग क्षार असतात. पाण्याची वाफ होते, क्षार आतच राहतात. आपल्याकडे बोअरचं पाणी तापवून तापवून भांड्याला पांढरा थर बसतो ना, तोच प्रकार. फरक इतकाच की इथे भांडं म्हणजे बॉयलर. थर जाड झाला की आगीची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, भट्टीवरचा पत्रा लाल होतो, मऊ पडतो आणि आतल्या दाबाने फुगतो. पुढे काय होईल ते सांगायला नको.

यावर उपाय म्हणजे ठरावीक वेळाने आतलं खारट पाणी बाहेर सोडायचं आणि नवं आत घ्यायचं. कमी सोडलं तर थर बसणार. जास्त सोडलं तर तापलेलं पाणी, म्हणजेच कोळसा, समुद्रात वाया जाणार. मग नेमकं किती सोडायचं? पाणी जितकं खारट तितकं ते जास्त तापमानाला उकळतं. त्यामुळे थर्मामीटरवरून खारेपणाचा अंदाज घेता यायचा. बंदरात पोचल्यावर बॉयलर थंड करून, आत उतरून, बसलेला थर हातोडीने ठोकून काढायचा. गोड पाणी पुन्हा पुन्हा वापरता येईल असे कंडेन्सर साधारण १८६०च्या दशकात रुळले, तोपर्यंत हे चालूच राहिलं.

आता "हिंमत" हा शब्द पुन्हा बघा. इथे वाचवणारी गोष्ट म्हणजे दर पाळीला न चुकता केलेलं एक कंटाळवाणं काम. संकट यायच्या आधी केलेलं.

ह्यू लिंडसे : सहा तासांचा कोळसा

मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. मुंबई ते सुएझ असा हा आगबोटीचा पहिला प्रवास. बोटीची रचना साधारण साडेपाच दिवसांच्या कोळशापुरती होती आणि एडनला पोचायला लागले अकरा दिवस! कॅप्टन जॉन विल्सन यांनी मिळेल त्या जागेत, अगदी प्रवाशांच्या केबिनमध्येसुद्धा, कोळसा भरून घेतला होता. एडनला पोचताना सहा तास पुरेल इतकाच शिल्लक होता.

ही गोष्ट साहसकथा म्हणून सांगता येते. पण संशोधक म्हणून विचारा : इतका कोळसा भट्टीपर्यंत वाहून आणला कुणी? आग पातळ आणि सारखी ठेवून तो पुरवला कुणी? या प्रवासाच्या गोष्टीत कॅप्टनचं नाव सापडतं. आगवाल्यांचं सापडत नाही.

अर्देशीर कर्सेटजी : चुकायची सोय

याच काळात मुंबईच्या गोदीत अर्देशीर कर्सेटजी वाडिया (१८०८-१८७७) तयार होत होते. वाडिया घराणं १७३६ पासून मुंबईत जहाजं बांधत होतं, पण शिडाची. अर्देशीर यांचा ओढा वाफेकडे. आधी त्यांनी एक हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन बनवलं, ते विहिरीचं पाणी उपसायला. मग इंग्लंडहून दहा हॉर्सपॉवरचं इंजिन मागवून १८३३ मध्ये 'इंडस' या छोट्या बोटीवर बसवलं. १८३४ मध्ये माझगावच्या घरी गॅसचे दिवे लावले.

क्रम बघा : विहीर, छोटी बोट, घर. जिथे चुकलं तर जीव जाणार नाही, तिथे आधी करून बघायचं. समुद्रावर जो माणूस डगमगत नाही, तो बहुतेक वेळा किनाऱ्यावर बऱ्याचदा चुकलेला असतो. पण इथेच दुसरी बाजूही लिहायला हवी. चुकायची सोय सगळ्यांना नसते. अर्देशीर यांच्या पाठीशी घराण्याची शंभर वर्षं आणि इंजिन विकत घेण्याइतका पैसा होता. खंबीर मनाला खर्च येतो, आणि तो कुणी केला हे विचारणं आपलं काम आहे.

१८३९ मध्ये ते इंग्लंडला गेले. त्या प्रवासाची त्यांची रोजनिशी १८४० मध्ये लंडनला छापली गेली. १८४१ मध्ये ते मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे मुख्य इंजिनिअर झाले. त्यांच्या हाताखाली युरोपियन कामगारही होते. 'बॉम्बे टाइम्स'ने उघड शंका घेतली : कितीही हुशार असला तरी एक देशी माणूस इंग्रज कामगारांना ताब्यात ठेवू शकेल का? आक्षेप ज्ञानावर नव्हता, ज्ञान कुणाचं आहे यावर होता. अर्देशीर त्या पदावर १८५७ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षं, राहिले.

२७ मे १८४१ रोजी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. असे ते पहिले भारतीय. दुसरे रामानुजन, थेट १९१८ मध्ये. त्यांच्या प्रस्तावपत्रात गॅसच्या दिव्यांचा आणि बोटीचा उल्लेख आहे. देशी कारागिरांचाही आहे, पण एकाचंही नाव नाही.

मग न लिहिलेलं ज्ञान शोधायचं कुठे?

एक साधन सांगतो. थॉमस रोबकने १८११ मध्ये जहाजावरच्या हिंदुस्तानी भाषेचा कोश छापला. जॉर्ज स्मॉलने तो वाढवून १८८२ मध्ये 'लश्करी डिक्शनरी' म्हणून पुन्हा काढला. मधल्या सत्तर वर्षांत शिडं मागे पडली आणि इंजिनं आली. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवा आणि कोणता शब्द नवीन आला, कोणता तसाच राहिला, याची यादी करा. मात्र हा कोश अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी केलेला आहे, हे विसरू नका. तिकडून दिलेला हुकूम त्यात सहज मिळेल. खलाशी आपसात काय बोलत होते, ते मिळणं अवघड.

दुसरं साधन म्हणजे मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार. तिथे मरीन डिपार्टमेंटच्या फायली बघताना फक्त पत्रं वाचू नका. दुरुस्तीची बिलं, सामानाच्या मागण्या, पगाराचे तक्ते बघा. किती हातोड्या मागवल्या यावरून किती थर ठोकला गेला याचा माग लागू शकतो.

आणि तिसरं साधन आपल्या गावातच आहे. एमआयडीसीतल्या एखाद्या रोलिंग मिलमध्ये परवानगी काढून जुन्या मिस्त्रीशी बोला. तापलेल्या लोखंडाचा रंग बघून "अजून जरा थांबा" असं तो कशावरून म्हणतो, ते विचारा. "सवयीने कळतं" एवढंच उत्तर आलं तर तिथेच वही मिटू नका. सवय कशी लागली, कुणी लावली, पहिल्या वर्षी काय चुकलं, असं विचारत राहा. त्याच्या उत्तरांवरून १८३० चा आगवाला कळणार नाही, तो काळ वेगळा होता. पण फायलीत कोणते प्रश्न घेऊन जायचे ते कळेल.

आणि हो, मिस्त्रीने परवानगी दिली तर त्याचं नाव वहीत नीट लिहून ठेवा. दोनशे वर्षांपूर्वी तेवढंच राहून गेलं.