डिस्क ठणठणीत, पण मुकी

परवा कपाट आवरताना आजोबांची एक सीडी सापडली. २००३ साली त्यांनी स्वतः टाइप केलेल्या आठवणी! फाइल उघडली आणि समोर नुसता रोमन अक्षरांचा काला. तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी वळणं बसवायचे. तो फॉन्ट नसेल तर मराठी गायब. एक बाइटही हरवलेला नाही, पण वाचता मात्र येत नाही.

मला एकदम डोम्सडेची गोष्ट आठवली. इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने कोणाकडे किती जमीन, किती नांगर याची मोजदाद करून घेतली. १०८६ सालचं ते डोम्सडे बुक, चामड्यावर लॅटिनमध्ये हाताने लिहिलेलं. आजही ते ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्ह्जकडे आहे आणि लॅटिन जाणणारा माणूस ते वाचू शकतो.

त्याला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ साली नवं डोम्सडे केलं. शाळकरी मुलांसकट दहा लाखांवर लोकांनी त्यात हातभार लावला. गावोगावची माहिती, फोटो, नकाशे, सगळं १२ इंची लेझर डिस्कवर. ती चालवायला खास प्लेअर आणि एकॉर्नचा बीबीसी मास्टर कॉम्प्युटर लागायचा. सगळा संच सुमारे ५००० पौंडांचा! तो परवडणार किती शाळांना?

पंधरा-सोळा वर्षांत चालू प्लेअर मिळणं मुश्किल झालं. डिस्क ठणठणीत, पण मुकी. शेवटी २००२ साली लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या कॅमिलिऑन प्रकल्पाने जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लिहून ती बोलती केली. तेव्हा जुनं यंत्र समजणारी माणसं होती, म्हणून जमलं. अजून पन्नास वर्षं थांबले असते तर?

हे आपल्याला नवीन नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद शाबूत आहेत, मोडी वाचणारे मोजके. आपण वस्तू जपतो आणि ती वाचायची किल्ली हरवून बसतो.

आजोबा आता नाहीत. पण बाबांच्या फाइलीत त्यांच्या लिखाणाचं एक छापील पान मिळालं. ते समोर ठेवून कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता बनवतोय. काल रात्री पहिलं वाक्य युनिकोडमध्ये उमटलं. आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

तुमच्या घरीही अशी एखादी सीडी असेल. टाइप करणारं माणूस हाक मारण्याइतकं जवळ आहे, तोवरच काढा ती बाहेर.