स्टोचा भडका

कोल्हापुरास आगगाडी आली ती १८९१ सालीं. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८९२ मध्यें, स्वीडनच्या स्टॉकहोम शहरीं फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नांवाच्या एका कामगारानें एक नवी शेगडी तयार केली. या दोन घटनांचा परस्परांशीं संबंध कांहींच नव्हता. परंतु मिरजेहून आलेल्या त्याच लोहमार्गानें पुढें मुंबईचा माल करवीर नगरींत येऊं लागला, आणि कालांतरानें ती परदेशी शेगडी ‘स्टो’ हें सुटसुटीत नांव घेऊन येथील माजघरांत चुलीशेजारीं येऊन बसली.

लिंडक्विस्टच्या पूर्वीं वातीवर जळणाऱ्या तेलाच्या शेगड्या होत्या. पण त्या धूर ओकीत आणि भांड्यांस काजळी धरवीत. त्यानें धातूस डाग देणाऱ्या कारागिराच्या दिव्याची युक्ति चुलीस लावली. तेल न जाळतां तेलाची वाफ जाळावयाची, एवढेंच तिचें सार. ‘प्रायमस’, म्हणजे लॅटिन भाषेंत ‘पहिला’, हें त्या शेगडीचें नांव. नान्सेननें ती १८९३ च्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमेंत नेली, अमुंडसेननें १९११ सालीं दक्षिण ध्रुवावर नेली. १८९७ सालीं आंद्रे नांवाचा स्वीडिश साहसी पुरुष विमानपूर्व काळांतल्या फुग्यांत बसून उत्तर ध्रुवाकडे गेला व परतला नाहीं. १९३० मध्यें एका हिमाच्छादित बेटावर त्याच्या तुकडीचे अवशेष सांपडले, त्यांत ही शेगडीही होती. आणि तेहतीस वर्षांनंतर पंप मारतांच ती चालली.

आमच्याकडे मात्र हें प्रवासाचें यंत्र स्वयंपाकाचें झालें. कोल्हापूरचा पाऊस ज्यानें पाहिला आहे त्यास आषाढांतलें ओलें लांकूड आणि फुंकणीनें लाल झालेले डोळे यांचें वर्णन करून सांगावयास नको. अशा घरांत कांहीं मिनिटांत चहाचें आधण येऊं लागलें ही सोय लहान नव्हती. शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून वसतिगृहें उभारून ज्या शहरास विद्यार्थ्यांचें शहर केलें, तेथें खोली घेऊन राहणाऱ्या मुलासही स्टो म्हणजे अर्धा संसारच. पण एक फरक ध्यानांत घेतला पाहिजे. ध्रुवावर त्या शेगडीपुढें बसणारा मनुष्य तिचा सराव करून गेलेला असे. माजघरांत तिच्यापुढें बसणारी सून मात्र पदर सांवरीत, मूल मांडीवर घेऊन, कोणीं कांहीं न शिकवतां ती पेटवीत असे. यंत्र घरांत आलें, त्याचें ज्ञान दुकानांतच राहिलें.

तें ज्ञान फारसें कठिण नाहीं. टाकींत पाऊण भागाहून अधिक तेल घालूं नये, कारण वर हवेला जागा हवी. बर्नर प्रथम बाहेरून तापवावा लागतो. त्यासाठीं स्पिरिटांत भिजवलेला काकडा किंवा स्पिरिटाची वाटी. तो पुरता तापला म्हणजे हवेची चावी बंद करून हलके पंप मारावे. तापलेल्या नळींत तेलाची वाफ होते, बारीक छिद्रांतून ती जोरानें निघते, हवेंत मिसळते आणि निळी ज्योत देते. त्या ज्योतीची कांहीं उष्णता नळीस मिळून पुढच्या तेलाची वाफ होत राहते. घाईनें, बर्नर थंड असतां पंप मारला, तर वाफेऐवजीं तेलच उडतें आणि पिवळा भडका उठतो. त्यावर उपाय एकच: पाणी न ओततां चावी सोडावी. दाब उतरला कीं तेल चढत नाहीं आणि ज्योत आपोआप बसते.

दुसरे दोन धोके याहून मोठे आहेत. जळत्या किंवा गरम स्टोंत तेल भरणें हा एक. आणि विझला असें समजून वाटींत पुन्हां स्पिरिट ओतणें हा दुसरा. स्पिरिटाची ज्योत दिवसा दिसत नाहीं, आणि ती धारेवरून बाटलींत चढते. रॉकेलमध्यें पेट्रोलची भेसळ असली तर सारेच नियम व्यर्थ होतात, कारण पेट्रोलची वाफ थंडींतही पेटते. मुळांत स्टोच्या टाकींतला दाब सायकलच्या चाकांतील दाबाहूनही कमी असतो. टाकीच फुटणें ही गोष्ट म्हणूनच विरळा. बहुधा भडका उडतो तो बाहेर आलेल्या तेलाचा, वाफेचा किंवा स्पिरिटाचा.

हें इतक्या तपशिलानें सांगण्याचें कारण निराळें आहे. ‘स्टोचा भडका उडाला’ हें वाक्य महाराष्ट्रांत कित्येक वर्षें मरणोत्तर पंचनाम्याचा जणूं मथळाच झालें होतें. त्यांत खरे अपघात होते, आणि हुंड्यासाठीं केलेले खूनही होते. अज्ञानाचा फायदा दोघांसही झाला: निष्काळजी माणसास दैव म्हणतां आलें, गुन्हेगारास यंत्र म्हणतां आलें. स्टो ज्यास समजतो तो मात्र विचारतो: टाकी शाबूत आहे काय? तेल फरशीवर आहे कीं केसांत? चहा झाला होता कीं आधणच ठेवलें नव्हतें? १९८६ सालीं दंडविधानांत हुंडाबळीचें कलम ३०४-ब आलें. विवाहानंतर सात वर्षांच्या आंत जळून झालेल्या मृत्यूकडे, त्याआधीं हुंड्यासाठीं छळ झाला असल्यास, कायदा निराळ्या दृष्टीनें पाहूं लागला. त्या दृष्टीमागें हीच जाणीव होती कीं वस्तु आपण होऊन माणसें जाळीत नाहीं. भडका उडाला एवढ्यानें वाक्य पुरें होत नाहीं. कां उडाला, हें सांगावें लागतें.

गॅस आला आणि स्टो माळ्यावर गेला. अलीकडे कांहीं हौशी तरुण तो खालीं उतरवून चकचकीत करतात आणि पन्हाळ्याहून विशाळगडाच्या पायवाटेवर नेतात. त्यांच्या हौसेचें आम्हांस कौतुक वाटतें. फक्त त्यांनीं निघण्यापूर्वीं पंपाचें चामडी वायसर सुकलें आहे काय, हें पाहावें आणि असल्यास तेल लावावें. डाग सुटला असेल त्या टाकीस हवा भरूं नये. आणि मसाई पठारावर कितीही पाऊस झोडपो, बंद तंबूंत स्टो पेटवूं नये, कारण त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूस वासही नसतो. आणि सर्वांत आधीं, हवेची चावी कोठें आहे हें अंधारांतही हातास ठाऊक असावें. माजघरांतल्या कित्येक सुनांस हें कोणीं सांगितलें नव्हतें.