विर्तानेन ते बाबाटुंडे: फिनिश आणि योरुबा नावांचा अर्थ काय असतो?

मिका हॅकिनेन आणि किमी रायकोनेन ही फिनिश नावं फॉर्म्युला वनमुळे भारतात पोहोचली. १९८६ मध्ये वोले सोयिंका यांना साहित्याचं नोबेल मिळालं आणि नायजेरियातलं एक योरुबा नाव जगभर गेलं. फिनिश ही युरोपच्या उत्तर टोकाची भाषा, तर योरुबा ही पश्चिम आफ्रिकेची. दोघींचं आपसात कुठलंही नातं नाही. पण एक गोष्ट सारखी आहे. परक्या सत्तेच्या काळात दोन्हीकडच्या अनेकांची नावं बदलली आणि पुढे काहींनी ती जाणीवपूर्वक परत मिळवली.

'-नेन' कुठून आलं?

पूर्व फिनलंडमध्ये '-नेन' हा प्रत्यय लावलेली आडनावं शेकडो वर्षांपासून आहेत. पश्चिमेत मात्र स्थिर आडनावाची पद्धत नव्हती. माणूस ज्या शेतघरात राहायचा, त्या घराचं नाव लावायचा. घर बदललं की नावही बदलायचं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अशा लोकांनी निसर्गातले शब्द घेऊन नवी आडनावं तयार केली. 'विर्ता' म्हणजे प्रवाह, त्यावरून विर्तानेन. 'मॅकी' म्हणजे टेकडी, त्यावरून मॅकिनेन. 'कोस्की' म्हणजे नदीतला खळाळ, त्यावरून कोस्किनेन. म्हणूनच विर्तानेन आडनावाच्या माणसाचे पूर्वज नदीकाठी राहत होते, असं समजायचं कारण नाही. अनेकांनी केवळ आवडलं म्हणून ते निवडलं. १९२० च्या कायद्याने आडनाव सगळ्यांनाच बंधनकारक झालं.

१२ मे १९०६ ला काय झालं?

१८०९ पर्यंत फिनलंड स्वीडनच्या ताब्यात होता आणि नंतर रशियाच्या. तरीही शिक्षण आणि कारभारात स्वीडिश भाषेचंच वजन राहिलं. शिकलेल्या फिनिश माणसाचं आडनाव बहुतेकदा स्वीडिश असायचं.

विचारवंत योहान विल्हेल्म स्नेलमान यांच्या जन्मशताब्दीला, १२ मे १९०६ रोजी, हजारो लोकांनी एकाच वेळी फिनिश आडनावं घेतली. गंमत म्हणजे फिनिश भाषेसाठी लढलेल्या स्नेलमान यांची स्वतःची मातृभाषा स्वीडिश होती आणि आडनावही.

काहींनी तर थेट भाषांतरच केलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या पासिकिवी यांचं मूळ आडनाव हेल्स्टेन. त्यांनी ते १८८५ मध्येच बदललं होतं. दोन्हींचा अर्थ एकच, सपाट दगड.

नाव सोबत घेऊन येणारं मूल

योरुबा समाजात बाळाचं नाव परंपरेने आठव्या दिवशी ठेवतात. त्या वेळी बाळाच्या ओठांना पाणी, मध, मीठ लावलं जातं.

काही मुलं मात्र नाव सोबत घेऊनच येतात, असं मानलं जातं. जुळ्यांपैकी आधी जन्मलेलं तायवो आणि नंतरचं केहिंडे. तरीही मोठं मानतात ते केहिंडेला, कारण जग कसं आहे ते बघायला त्याने तायवोला पुढे पाठवलं, अशी समजूत आहे. जुळ्यांनंतरचं मूल इडोवू. पायाळू मूल इगे. तोंड खाली करून जन्मलेलं अजायी.

बाकी नावं घरातल्या परिस्थितीवरून ठरतात. आजोबांच्या निधनानंतर मुलगा झाला तर बाबाटुंडे, म्हणजे 'बाबा परत आले'. सोयिंका यांच्या पूर्ण नावातही बाबाटुंडे आहे. आजीनंतर मुलगी झाली तर येटुंडे.

सगळ्यात हृदयद्रावक नावं आहेत ती आधीची मुलं दगावलेल्या घरातली. तेच मूल पुन्हा पुन्हा जन्म घेऊन निघून जातं, अशी श्रद्धा होती. म्हणून नावातूनच त्याची विनवणी केली जायची. मालोमो म्हणजे 'पुन्हा जाऊ नकोस'. डुरोजाये म्हणजे 'थांब, आयुष्याचा आनंद घे'. कोसोको म्हणजे 'कुदळच नाही', म्हणजे खड्डा खणायला काही उरलेलं नाही. महाराष्ट्रातल्या दगडू, धोंडू या नावांमागेही हीच भीती होती.

अजायीचं सॅम्युअल का झालं?

१८२१ मध्ये अजायी नावाच्या योरुबा मुलाला पकडून गुलाम म्हणून विकलं गेलं. ब्रिटिश नौदलाने जहाज अडवून त्याची सुटका केली. १८२५ मध्ये सिएरा लिओनमध्ये बाप्तिस्मा झाला आणि त्याला एका इंग्रज धर्मगुरूचं नाव मिळालं, सॅम्युअल क्राउथर. १८६४ मध्ये ते अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकन बिशप झाले. योरुबा बायबलच्या भाषांतरातही त्यांचा मोठा वाटा होता. आज इतिहासात त्यांचं नाव सॅम्युअल अजायी क्राउथर असं लिहिलं जातं.

गायक फेला रॅन्सम-कुटी यांनी १९७० च्या दशकात 'रॅन्सम' हे गुलामीचं नाव म्हणून टाकून दिलं आणि 'अनिकुलापो' घेतलं. अर्थ, 'मृत्यूला आपल्या थैलीत बाळगणारा'.

आता अडचण कुठे आहे?

योरुबा भाषेत तीन सूर आहेत आणि सुरानुसार अर्थ बदलतो. 'ओको' हा एकच उच्चार सूर बदलून नवरा, कुदळ किंवा वाहन असे अर्थ देतो. सरकारी कागदपत्रांत आणि पासपोर्टवर मात्र नावं बहुधा सुरांच्या खुणांशिवायच छापली जातात. नाव कागदावर टिकतं, पण त्यातली कुदळ कोणती आणि नवरा कोणता, हे घरातल्या माणसांनी मुलांना सांगितलं तरच कळतं.