दगडी बरण्या आणि त्यांवरची नावे



लोणच्याची बरणी आपल्या घरोघर आहे. निदान काल-परवापर्यंत होती. वर तपकिरी, खाली पिवळसर पांढरी, गळ्याशी दादरा बांधलेली. हिला आपण चिनी मातीची म्हणतो, पण तिची खरी जात दगडी भांड्यांची. माती इतक्या कडक आचेवर भाजायची की ती दगडासारखी घट्ट व्हावी, तिच्यातून पाणी झिरपू नये आणि आंबट-खारट काहीही भरले तरी तिला बाधू नये. या बरणीच्या अमेरिकेतल्या बहिणींविषयी आज आम्ही बोलणार आहोत. तिकडे या भांड्यांना स्टोनवेअर म्हणतात, आणि त्यांच्या आधीच्या साध्या तांबड्या भांड्यांना रेडवेअर. या दोन्ही जातींची जुनी भांडी जमवणारे शौकीन तिकडे हजारोंनी आहेत. त्यांच्या संस्था आहेत, लिलाव आहेत, जाडजूड ग्रंथ आहेत.

कामगार संघटनेत केस पिकलेल्या माणसाने भांड्याकुंड्यांवर बोलावे याचे कोणाला नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही; जे झाले ते वाचनालयांत झाले. तेथे राजांच्या आणि तहांच्या इतिहासात आम्ही कष्टकरी माणूस शोधला, तो तुरळक भेटला. पुढे वस्तूंचे इतिहास हाती लागले, आणि तो पानोपानी दिसू लागला, मात्र बहुधा नावावाचून. तेव्हापासून कोणतीही जुनी वस्तू समोर आली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला: ही घडवली कोणी?

तांबडी भांडी आधीची. इंग्रज वसाहतवाले अमेरिकेत उतरले त्यांच्याबरोबर कुंभारही उतरले. मॅसॅच्युसेट्समधील चार्ल्सटाउन येथे फिलिप ड्रिंकर नावाचा कुंभार १६३५ साली आल्याची नोंद आहे. विटांना चालते तीच लोहयुक्त माती नदीकाठी खणायची, घाण्याला बैल जुंपतात तसा घोडा जुंपून ती मळायची, चाकावर घडवायची आणि हजार अंशांच्या आसपास भाजायची. दुधाची भांडी, लोण्याची भांडी, पायच्या थाळ्या, घागरी, सगळे याच मातीचे. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कुंभारांनी हंसाच्या पिसाच्या नळीतून पांढऱ्या मातीचा पातळ घोल सोडून या थाळ्यांवर ट्यूलिपची फुले, पक्षी आणि काठाने जर्मन अक्षरे काढली. चार्ल्सटाउनची कुंभारवाडी मात्र १७७५ साली बंकर हिलच्या लढाईत इंग्रजांनी गाव जाळले तेव्हा गावाबरोबर जळाली आणि कुंभार दाही दिशांना पांगले.

इंग्रज सरकारची दृष्टी काय होती हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. वसाहतींनी कच्चा माल पाठवावा आणि पक्का माल मायदेशाकडून घ्यावा, हा तो हिशेब. व्हर्जिनियात यॉर्कटाउन येथे विल्यम रॉजर्स नावाच्या गृहस्थाने तांबडी व दगडी अशी दोन्ही भांडी करणारा मोठा कारखाना काढला होता. गव्हर्नर विल्यम गूच यांना वसाहतीतल्या उद्योगांचा अहवाल लंडनला पाठवावा लागे. त्यांनी अहवालात कळवले की येथे एक गरीब कुंभार आहे, त्याच्यापासून इंग्लंडच्या व्यापाराला धोका नाही! रॉजर्स १७३९ साली वारला. विसाव्या शतकात जमीन खणली तेव्हा या ‘गरीब कुंभारा’च्या ऐसपैस भट्ट्या निघाल्या. गव्हर्नरसाहेबांनी डोळेझाक केली ती कुंभारावरच्या प्रेमापोटी की वसाहतीच्या लाभापोटी, हे ज्याने त्याने ठरवावे. सरकारी अहवाल वाचताना आम्हाला मात्र हा कुंभार नेहमी आठवतो.

तांबड्या भांड्यात एक विष होते. ते सच्छिद्र असल्यामुळे त्याला आतून झिलई द्यावी लागे आणि ती झिलई शिशाची. आपल्याकडे ज्याला शेंदूर किंवा मुरदाडशिंग म्हणतात तेच शिशाचे क्षार दगडी जात्यात दळून, वाळू-मातीत कालवून भांड्याला फासत. भाजल्यावर सुंदर काचेसारखी चकाकी येई. पण त्यात व्हिनेगर किंवा लोणचे ठेवले की आंबट रसात शिसे उतरे. क्रांतीनंतर, १७८५ साली, फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्रात या झिलईविरुद्ध इशारा छापून आला आणि दगडी भांडी करा असे आवाहन झाले. खाणाऱ्याच्या पोटात शिसे थोडे थोडे जाई; जात्यावर ते दळणाऱ्या कुंभाराच्या आणि त्याच्या पोरांच्या छातीत रोज जाई. संग्राहकांच्या ग्रंथांत या झिलईच्या मधाळ रंगाची वर्णने आम्ही पुष्कळ वाचली. ती खोटी नाहीत. पण रंगाला चार पाने आणि जात्याला चार ओळी, हे प्रमाण आम्हाला मानवत नाही.

दगडी भांड्यांची गोष्ट निराळी. त्यांना लागणारी माती सगळीकडे मिळत नाही. न्यू जर्सीतल्या अँबॉयच्या आसपास तिचे चांगले साठे होते आणि तेथून ती गलबतांनी दूरदूर जाई. न्यू यॉर्क शहरात, मॅनहॅटनच्या दक्षिण भागात, क्रोलियस आणि रेमी या जर्मन घराण्यांनी अठराव्या शतकात या धंद्याचा पाया घातला. उत्तरेकडे व्हरमाँटमधील बेनिंग्टन येथे नॉर्टन घराण्याने जवळजवळ शंभर वर्षे, १८९४ पर्यंत, हा कारखाना चालवला. १८२५ साली ईरी कालवा पुरा झाल्यावर माती नावेने आत जाऊ लागली आणि कालव्याकाठच्या गावागावांत भट्ट्या पेटल्या.

या भट्टीचे काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. लाकडे सारून रात्रंदिवस आच वाढवायची, ती बाराशे अंशांच्या वर न्यायची. आच शिगेला पोचली की भट्टीच्या माथ्यावरील भोकांतून आत मीठ टाकायचे, आपण खातो तेच. त्या आचेत मिठाची वाफ होते, मिठातले सोडियम मातीतल्या सिलिकाशी जुळते आणि भांड्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खवल्यांची, पण काचेइतकी टणक झिलई चढते. उरलेला भाग आम्लाचा धूर होऊन बाहेर पडतो. भट्टीवर उभा असलेला माणूस मीठ टाकीत असताना तो धूर कुठे जात असेल, हे गिरणीच्या किंवा रंगखात्याच्या कामगाराला विचारा. तो न पाहता सांगेल. भाजण्यापूर्वी ओल्या भांड्यावर कोबाल्टच्या निळ्या रंगाने पक्षी, हरणे, फुले काढीत. तो निळा रंग ही आच सहज सोसतो. आज शौकीन मोजतात ते हजारो डॉलर या निळ्या पक्ष्यांसाठी. साध्या बरणीला कोणी फारसे विचारत नाही.

बरणीच्या खांद्यावर दोन गोष्टी उमटवलेल्या असतात: कारखान्याच्या मालकाचे नाव-गाव आणि एक आकडा. आकडा म्हणजे बरणीत किती गॅलन मावते ते. तिकडचा गॅलन सुमारे पावणेचार लिटरचा. संग्राहक या आकड्याकडे आकारमान म्हणून पाहतो. आम्ही पाहतो तेव्हा तो मजुरीचा आकडा असतो. कित्येक कारखान्यांत चाकावरच्या कारागिराला गॅलनावर मजुरी मिळे. दहा गॅलनांचा एक रांजण घडवला काय आणि एकेका गॅलनाच्या दहा बरण्या घडवल्या काय, हिशेब गॅलनांचा. नगावर मजुरी म्हणजे काय हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना त्या एका आकड्यात साऱ्या दिवसाची घाई दिसेल. मालकाचे नाव अक्षरांत, मजुराचे मोजमाप आकड्यात. आपल्या गिरण्यांच्या कापडावरही छाप गिरणीचा असे, विणकराचा नसे.

हा धंदा मोडला तो एकाएकी नव्हे. १८५८ साली जॉन मेसन याने फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीचे पेटंट घेतले. मग पत्र्याचे डबे आले, बर्फाची कपाटे आली. लहान भट्ट्या विझल्या आणि उत्पादन यंत्रांनी चालणाऱ्या मोठ्या कारखान्यांकडे गेले. मिनेसोटातल्या रेड विंग गावी १८७०च्या दशकात असा कारखाना उभा राहिला. तेथे दगडी बरण्या करणे १९४७ साली थांबले, पुढे जेवणाची भांडी होत राहिली. १९६७ साली तेथील कामगारांनी संप केला आणि भागधारकांनी कारखाना कायमचा बंद करण्याचे ठरवले. दहा वर्षांनी, १९७७ साली, त्याच मालाच्या संग्राहकांची संस्था स्थापन झाली. संपाने कारखाना बुडाला, असे वाक्य आम्ही वाचले आहे. परदेशी स्वस्त भांड्यांनी आणि प्लॅस्टिकने बाजार आधीच खाल्लेला होता. पण त्यांच्यावर ठपका ठेवणे अवघड आणि संपवाल्यांवर ठेवणे सोपे. असो, हा आमचा जुना दुखरा विषय आहे, तो येथे लांबवीत नाही.

आता संग्राहकांविषयी थोडे चांगले बोलले पाहिजे, कारण त्यांच्यावाचून हे काहीच उरले नसते. एडविन बार्बर यांनी १८९३ साली अमेरिकन मृत्पात्रांचा पहिला मोठा इतिहास लिहिला आणि १९०३ साली पेनसिल्व्हेनियाच्या ट्यूलिप थाळ्यांवर स्वतंत्र ग्रंथ. लुरा वॉटकिन्स या बाईंनी तर न्यू इंग्लंडमधल्या जुन्या भट्ट्यांच्या जागा शोधून त्या खणल्या, दफ्तरे चाळली आणि १९५० साली तेथील कुंभारांची नावनिशीवार हकीकत छापली. हौसेचा इतिहास कसा होतो याचा हा नमुना आहे. भंगलेले खापर घेऊन ते कोणाच्या भट्टीतले हे विचारणारी ही माणसे होती.

याच विचारण्यातून एक विलक्षण गोष्ट बाहेर आली. न्यू यॉर्कच्या कॉर्लियर्स हुक भागात थॉमस कॉमेरॉ नावाचा कुंभार १८०० सालाच्या आगेमागे काम करीत होता. बरण्यांवर त्याचा स्वतःचा शिक्का, चंद्रकोरी आणि तोरणे कोरून निळ्या रंगाने भरलेली. कालवे टिकवून विकण्यासाठी त्याच्या बरण्यांना मोठी मागणी असे. शौकिनांनी त्या शंभर वर्षे जमवल्या आणि हा गोरा माणूस असे सगळे धरून चालले. कोणी सांगितले म्हणून नव्हे, कारखान्याचा मालक आणि शिक्केवाला म्हणजे गोराच असणार म्हणून. या शतकाच्या आरंभी एका संशोधकाने जुने जनगणनेचे कागद पाहिले, तर तेथे कॉमेरॉ कृष्णवर्णीय म्हणून नोंदलेला. तो क्रोलियस घराण्याच्या मालकीत गुलाम म्हणून जन्मला होता आणि १७७९ साली लहानपणीच मुक्त झाला होता. १८२० साली तो आफ्रिकेत मुक्त कृष्णवर्णीयांची वसाहत करण्यासाठी सिएरा लिओनला गेला, तेथील हाल पाहून परत आला आणि १८२३ साली वारला. २०२३ साली न्यू यॉर्कच्या ऐतिहासिक संस्थेने त्याचे प्रदर्शन भरवले. बरण्या त्याच होत्या, शिक्का तोच होता. बदलला तो फक्त पाहणाऱ्याचा प्रश्न.

कॉमेरॉजवळ निदान शिक्का होता. दक्षिण कॅरोलायनात एजफील्ड भागातला डेव्ह स्वतःच दुसऱ्याच्या मालकीचा होता. त्याचा जन्म १८०० च्या सुमाराचा. तेथील दगडी भांड्यांना मिठाची नव्हे, तर राख, माती आणि वाळू यांची झिलई असे, हिरवट-तपकिरी, ओघळ सुटलेली. भांडी जात मळ्यांवर. त्यांत खारवलेले डुकराचे मांस आणि चरबी भरून ठेवीत, गुलामांचा शिधा त्यातूनच निघे. डेव्ह प्रचंड रांजण घडवी. १८५९ साली त्याने घडवलेल्या दोन रांजणांत चाळीस गॅलन, म्हणजे दीडशे लिटरांवर मावते.

आणि हा माणूस ओल्या मातीत काडीने लिहीत असे. तारीख, मालकाची आद्याक्षरे, स्वतःचे नाव, आणि कधी दोन ओळींची कविता. त्याची पहिली तारीखवार कविता जुलै १८३४ ची. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या राज्याने गुलामांना लिहिणे-वाचणे शिकवणे हा गुन्हा ठरवणारा कायदा केला. त्यानंतरही डेव्हने लिहिले. ताटातूट झालेल्या आप्तांविषयी लिहिले, मांसाच्या साठ्याविषयी लिहिले. रांजण भट्टीतून निघाला की ती अक्षरे पुसता येत नाहीत. पुसायची तर रांजण फोडावा लागेल आणि तो मालकाचा माल! सभाबंदीच्या काळात पत्रके वाटलेल्या आम्हा लोकांना या युक्तीची किंमत कळते. युद्ध संपले, गुलामगिरी गेली, आणि १८७०च्या जनगणनेत तो डेव्हिड ड्रेक, धंदा चाकावर भांडी घडवणे, असा पुऱ्या नावानिशी भेटतो.

२०२१ साली त्याचा १८५८ चा एक रांजण लिलावात सुमारे साडेपंधरा लाख डॉलरांना गेला; एका संग्रहालयाने तो घेतला. अशा विक्रीत पैसे जातात ते विकणाऱ्याला, म्हणजे ज्याच्या हाती रांजण आला त्याला. ज्याचे श्रम फुकट घेतले गेले त्याच्या वंशजांचा यात हक्क काय, हा प्रश्न कोणी तरी विचारणारच होते. २०२५ साली बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाने आपल्याजवळचे डेव्हचे १८५७ सालचे दोन रांजण त्याच्या वंशजांच्या मालकीचे म्हणून परत केले. त्यांपैकी सही असलेला रांजण कुटुंबाचाच राहिला. तो संग्रहालयात ठेवलेला आहे तो उसनवार. दुसऱ्यावर कविता आहे, आणि तिचा विषय आहे रोख पैसा; हातात मजुरीचा हक्क नसलेल्या माणसाने मातीत लिहिलेला. तो रांजण संग्रहालयाने कुटुंबाकडून पैसे मोजून पुन्हा विकत घेतला.