‘मॉब’ : एका खुडलेल्या शब्दाची कुळकथा

माणसांप्रमाणे शब्दांनाही कुळ असते, आणि कुळाचा संस्कार पुष्कळ काळ टिकतो. ‘मॉब’ हा इंग्रजी शब्द आज आपल्या वर्तमानपत्रांत इतका रुळला आहे की त्याचे कुळ विचारण्याचे कोणास सुचत नाही. आम्हांस ते विचारणे अगत्याचे वाटते.

मूळ शब्द लॅटिन : ‘मोबिले वुल्गुस’, म्हणजे चंचल असे सामान्य जन. इंग्लंडात 1680 च्या सुमारास कॅथलिक राजपुत्राने गादीवर यावे की नाही यावरून मोठा वाद माजला होता. लंडनमध्ये ‘ग्रीन रिबन क्लब’ या मंडळाच्या पुढाकाराने पोपच्या प्रतिमा जाळण्याच्या मिरवणुका निघत. तिथे जमणाऱ्या लोकांना हे नाव पडले व त्याचे पुढे ‘मॉब’ झाले, असे रॉजर नॉर्थ या कायदेपंडिताने नोंदले आहे. त्याचा ग्रंथ 1740 मध्ये निघाला. तत्पूर्वी 1710 मध्ये जोनाथन स्विफ्टने ‘टॅटलर’ पत्रातून असल्या खुडलेल्या शब्दांविरुद्ध तक्रार केली होती. तिचा उपयोग झाला नाही.

स्विफ्टला खंत होती ती गेलेल्या अक्षरांची. आम्हांस वाटते, हानी त्याहून मोठी झाली. ‘वुल्गुस’ म्हणजे जन. तेच गळले आणि चंचलपणा तेवढा उरला. विशेषण राहिले, विशेष्य गेले. वरच्या वर्गाला गरिबांचे गाऱ्हाणे न ऐकता त्यांना झिडकारण्याची सोय झाली, आणि गर्दीत शिरून दुष्कृत्य करणाऱ्यालाही तोंड लपवण्यास आडोसा मिळाला. 1736 मध्ये एडिंबरो येथे कॅप्टन पोर्टियस याला लोकांनी तुरुंगातून ओढून फासावर लटकावले. शहराला दंड झाला; पण त्या खुनासाठी एकाही इसमावर गुन्हा शाबीत झाला नाही. ‘मॉब’ने मारले, म्हणजे कोणीच मारले नाही!

कायद्याची दृष्टी निराळी असावी लागते. जून 1780 मध्ये लॉर्ड जॉर्ज गॉर्डनच्या कॅथलिकविरोधी चळवळीतून लंडनमध्ये दंगल उसळली. न्यूगेटचा तुरुंग जळाला. सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांचे घर व ग्रंथसंग्रह भस्मसात झाला. पुढे फेब्रुवारी 1781 मध्ये गॉर्डनवर राजद्रोहाचा खटला चालला, तो याच मॅन्सफील्डांसमोर. गॉर्डनचा स्वतःचा हेतू काय होता, हा प्रश्न ज्यूरीपुढे आला आणि तो निर्दोष सुटला. ज्याचे ग्रंथ जळले त्याच न्यायाधीशासमोर हा निकाल लागला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याकडे 1860 च्या दंडसंहितेने पाच किंवा अधिक माणसे आणि त्यांचा समान बेकायदेशीर उद्देश, अशी गैरकायदा जमावाची कसोटी घातली. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ती कायम आहे. अर्थात केवळ संख्या हा गुन्हा नव्हे. देवाच्या जत्रेला सहस्रावधी लोक लोटतात, पालखीला खांदा देण्यासाठी दाटी होते. त्यास कोणी गैरकायदा म्हणत नाही. उद्देश मात्र बेकायदेशीर ठरला की त्यासाठी घडलेल्या गुन्ह्याचा जाब जमावातील प्रत्येकाला द्यावा लागतो.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारे आले आहेत या अफवेवरून, भिक्षेवर जगणाऱ्या भटक्या समाजातील पाच जणांना लोकांनी ठेचून मारले. अशा अफवा त्या काळी मोबाइलवरून गावोगाव पसरत होत्या. ‘मोबाइल’ आणि ‘मॉब’ यांचे लॅटिन मूळ एकच. त्याच महिन्याच्या 17 तारखेस सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी राज्यांना सविस्तर आदेश दिले.

तेव्हा ‘जमावाने मारले’ असे वाचले की, जमावात कोण कोण होते, हे आपण विचारले पाहिजे. मेलेल्यांना नावे होती. मारणाऱ्यांनाही असतात.