धर्मशाळेच्या दारातील एकटा वाटसरू

मनुष्याच्या गरजांची गणना आपण अन्न, वस्त्र व निवारा अशा क्रमाने करतो. परंतु घर सोडून निघालेल्या मनुष्याच्या बाबतीत हा क्रम उलटतो. शिदोरी पाठीवर असते, वस्त्र अंगावर असते. दिवस मावळला की प्रश्न उरतो तो एकच : आज पाठ कोठे टेकावयाची? ज्याच्या सोबत आप्तपरिवार आहे किंवा ज्याच्या कनवटीला पैका आहे, त्यास या प्रश्नाची धग फारशी जाणवत नाही. जो एकटा आहे, ज्याची थैली हलकी आहे आणि ज्याला त्या गावात कोणी ओळखीत नाही, त्याची मात्र खरी कसोटी लागते. आणि त्याच्याबरोबर त्या गावाचीही लागते. अशा वाटसरूस आपल्या देशाने कसे वागविले हे पाहू लागले असता आपल्या समाजाच्या औदार्याचा आणि त्या औदार्याच्या मर्यादेचा, असा दुहेरी इतिहास हाती येतो. धर्मशाळा व वसतिगृहे उभारणे हे ज्ञातिसंस्थांनी आपले एक प्रमुख कार्य मानले असल्यामुळे हा विषय या स्मरणिकेत अस्थानी ठरू नये.

प्राचीन परंपरा

वाटसरूची सोय करणे हे राजाचे व धनिकाचे कर्तव्य होय, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. मार्गावर वडाची झाडे व आमराया लावल्या, विहिरी खोदविल्या, विश्रांतिस्थाने व पाणपोया घातल्या, असे सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आपल्या सातव्या स्तंभलेखात नमूद करून ठेविले आहे. आपल्या महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर नाशिकच्या पांडवलेण्यांतील क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा शिलालेख पाहावा. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक, म्हणजे आजचे भडोच, मंदसोर, नाशिकजवळील गोवर्धन व सोपारा, या चार ठिकाणी त्याने चौसोपी निवासस्थाने बांधल्याचा त्यात उल्लेख आहे. इतकेच नव्हे, तर तापी, दमण इत्यादी नद्यांवर नावांची मोफत सोय केल्याचेही त्यात सांगितले आहे. सोळाव्या शतकात शेरशहा सूर याने राजमार्गांवर दर दोन कोसांस एक याप्रमाणे सतराशे सराया बांधविल्या, असे इतिहासकार अब्बासखान सरवानी लिहितो. अठराव्या शतकात पुण्यश्लोक अहल्याबाई होळकर यांनी हे कार्य शिखरास नेले. १७६७ ते १७९५ या कारकीर्दीत त्यांनी आपल्या राज्याच्या सीमेत न थांबता, केदारनाथापासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, अन्नछत्रे व धर्मशाळा यांची जी मालिका उभी केली, तिचा आधार असंख्य यात्रिकांना लाभला.

तथापि या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली असे. शेरशहाच्या सरायांतही हिंदू व मुसलमान यांच्या उतरण्याच्या जागा निरनिराळ्या होत्या. अर्थात, निवारा सर्वांसाठी खरा. परंतु दारात पाऊल टाकण्यापूर्वी ‘आपण कोण?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागे. पेणजवळील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या चुलत्यासह अर्थार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि सत्तावन्नच्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात त्यांच्यावर प्राणसंकट ओढवले, लुटारूंनी त्यांना नागविले. तरीही गावोगावी कोठे ना कोठे त्यांस थारा मिळत गेला. त्यांचे प्रवासवर्णन ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली प्रसिद्ध झाले. ते वाचताना ध्यानात येते की, त्यांच्या हाती कोणाची चिठ्ठी असो वा नसो, त्यांचे वेदविद्यासंपन्न ब्राह्मण असणे हीच त्यांची सर्वांत मोठी शिफारस होती.

बारा आण्यांची पिशवी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली आणि पुढील अर्धशतकात प्रवासाचे स्वरूपच पालटले. पायी महिनोन्महिने घेणारी काशीयात्रा काही दिवसांवर आली. तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढून सामान्य मनुष्य एकटाच दूरदेशी जाऊ लागला, आणि स्थानकांच्या आसमंतात व्यापारी गृहस्थांनी व ज्ञातींनी बांधलेल्या धर्मशाळा उभ्या राहू लागल्या.

अल्प खर्चात एकट्याने केलेल्या अशा प्रवासाचे एक सुरेख उदाहरण महात्मा गांधींच्या आत्मचरित्रात आहे. १९०१ च्या अखेरीस कलकत्त्याची काँग्रेस आटोपल्यावर ते महिनाभर नामदार गोखले यांच्याकडे राहिले, आणि १९०२ च्या प्रारंभी राजकोटास जावयास निघाले. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंचे हाल स्वतः अनुभवावेत म्हणून वाटेत काशी, आग्रा, जयपूर व पालनपूर येथे एकेक दिवस थांबत जाण्याचे त्यांनी ठरविले. गोखल्यांनी प्रथम या बेताची थट्टा केली. मागाहून मात्र त्यांस तो पटला. गांधींनी बारा आण्यांची एक कॅनव्हासची पिशवी घेतली. तीत लोकरीचा लांब कोट, धोतर, टॉवेल व सदरा एवढेच कपडे होते. जोडीला एक कांबळे व एक तांब्या. गोखल्यांनी पुऱ्या व लाडू भरून धातूचा डबा दिला, आणि ते व डॉ. प्रफुल्लचंद्र राय असे दोघेही त्यांस निरोप देण्यास हावडा स्थानकावर आले. तुम्ही पहिल्या वर्गाने जाणार असता तर मी आलो नसतो, अशा आशयाचे गोखल्यांचे उद्गार गांधींनी नमूद केले आहेत.

पालनपूर वगळता सर्वत्र ते साध्या यात्रिकाप्रमाणे धर्मशाळेत किंवा पंड्याकडे उतरले. काशीस पंड्यांनी गराडा घातला तेव्हा त्यांतल्या त्यात नीटनेटका दिसणारा एक पंड्या त्यांनी निवडला आणि सव्वा रुपयाहून अधिक दक्षिणा मिळणार नाही असे आधीच बजावले. अंगणात गाय बांधलेली होती. वरच्या मजल्यावर त्यांस जागा मिळाली. रेल्वेच्या भाड्यासह या सबंध प्रवासास एकतीस रुपयांहून अधिक खर्च आला नाही, असे ते सांगतात.

या सव्वा रुपयाचा एक पूर्वेतिहास आहे. १८८८ साली गांधी विलायतेस निघाले तेव्हा मुंबईतील त्यांच्या मोढ वाणी ज्ञातीच्या पंचांनी त्यांना वाळीत टाकले होते, आणि जो कोणी त्यांस मदत करील किंवा बंदरावर पोहोचवावयास जाईल त्यास सव्वा रुपया दंड ठरविला होता. परत आल्यावर वडील बंधूंनी त्यांना नाशिकास नेऊन गंगास्नान घडविले व राजकोटास ज्ञातिभोजन घातले. तरीही ज्ञातीच्या एका तटाने त्यांना पंक्तीत घेतले नाहीच. पुढे १८९३ साली जोहान्सबर्गच्या एका हॉटेलात जागा मागितली असता व्यवस्थापकाने त्यांस क्षणभर न्याहाळले आणि जागा नाही म्हणून सांगितले. बंद दरवाजा म्हणजे काय, हे त्या प्रवाशास ठाऊक होते. असे असूनही १९०२ साली काशीत त्याला निवारा सव्वा रुपयात लाभला; कारण तेथे तो एक सवर्ण हिंदू यात्रिक होता.

बडोद्याचे अकरा दिवस

यानंतर पंधरा वर्षांनी, १९१७ साली, दुसरा एक तरुण एकटाच बडोद्याच्या स्थानकावर उतरला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेले हे भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी आले होते. विद्वत्ता होती, पगाराची नोकरी होती, संस्थानची शिष्यवृत्ती पाठीशी होती. नव्हती ती केवळ रात्र काढावयास जागा. हिंदूंच्या खाणावळी व विश्या आपणास थारा देणार नाहीत, हे ते जाणून होते. चौकशीअंती एका पारशी सरायीचा पत्ता लागला. पारश्यांशिवाय इतरांस तेथे मज्जाव होता. परंतु उतारूच येत नसल्यामुळे रखवालदाराने रोज दीड रुपया घेऊन, पारशी नाव वहीत नोंदवून, त्यांस ठेवून घेतले.

त्या ओस इमारतीत, विजेच्या दिव्यावाचून, कंदिलाच्या उजेडात व वटवाघळांच्या सोबतीत त्यांनी दिवस काढले. अकराव्या दिवशी सकाळी हातांत काठ्या घेतलेले डझनभर लोक दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांनी फर्मावले. आंबेडकरांनी दोन स्नेह्यांकडे निवारा मागितला; त्यांतील एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मग कामाठी बागेत जाऊन ते गाडीची वेळ होईपर्यंत बसून राहिले, आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. ही हकीकत त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे.

येथे दोष एका समाजाच्या माथी मारून आपली सुटका होणार नाही. त्या दिवशी शहरातील सर्वच दारे बंद होती. काशीस सव्वा रुपयात जे मिळाले, ते बडोद्यास रोज दीड रुपया देऊनही टिकले नाही. दोघेही एकटे, दोघेही परदेशी शिकून आलेले. भेद होता तो केवळ ‘आपण कोण?’ या प्रश्नाच्या उत्तरात.

दरवाजे उघडले ते कसे

या प्रश्नास कृतीने उत्तर देणाऱ्यांत गाडगे महाराजांचे स्थान फार वरचे आहे. पंढरपुरात ज्ञातवार मठ व धर्मशाळा होत्या. परंतु अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यास आभाळाखेरीज छप्पर नव्हते. गाडगे महाराजांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बडोद्याच्या बागेत बसून राहिलेल्या वाटसरूच्या संस्थेकडे पंढरपूरची एक धर्मशाळा यावी, हा इतिहासाचा न्यायच म्हणावा लागेल. इतरत्रही धर्मशाळा बांधणारे हे महाराज स्वतः मात्र त्यांत कधी सुखाने निजले नाहीत.

ज्ञातवार निवारा ही गोष्ट केवळ निंद्य होती असेही नव्हे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढविली, तेव्हा खेड्यातील मुलास शहरात पाय ठेवावयास प्रथमच जागा मिळाली. परंतु ती पायरी होती, मुक्काम नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास १९२४ साली सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली व एका पंक्तीत आणून पुढील पायरी दाखविली. १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्यात धर्मशाळा, सराय व मुसाफिरखाना यांचा नावानिशी उल्लेख झाला.

उरलेले काम

कायद्याने दार उघडते. आतील मनुष्याचे मन उघडेलच असे नाही. आज नोकरीच्या मुलाखतीसाठी, परीक्षेसाठी, रुग्णाच्या शुश्रूषेसाठी, अथवा केवळ देश पाहण्याच्या हौसेने, पाठीवर एक पिशवी टाकून निघणारे तरुण व तरुणी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आहेत. त्यांस अनेक ठिकाणी ‘एकट्यास खोली मिळणार नाही’ अशी पाटी वाचावी लागते. प्रस्तुत लेखकानेही विद्यार्थिदशेत एका तीर्थक्षेत्री अशा पाटीखालून परतून स्थानकाच्या बाकावर रात्र काढली आहे. खोल्या रिकाम्या होत्या. परंतु आडनाव विचारून झाल्यावर त्या भरल्या. अपप्रकाराच्या भीतीने असे नियम होतात हे मान्य; परंतु ओळखपत्र पाहून व नोंद करून ती भीती दूर करता येते. गुरुद्वारांत जात न विचारता यात्रिकास जागा व लंगरातील अन्न मिळते. नांदेडास जाऊन आलेल्या वाचकांस हे सांगावयास नको.

ज्ञातिसंस्थांच्या कित्येक वास्तू वर्षातील बराच काळ कुलूपबंद असतात. मंगलकार्याच्या तिथी सोडल्यास त्यांचा उपयोग होत नाही. त्यांतील चार खाटा तरी एकट्या वाटसरूसाठी, अल्प शुल्कात, ज्ञातीचा प्रश्न न विचारता राखून ठेवाव्यात. एकट्या स्त्रीसाठी स्वतंत्र व सुरक्षित खोली असावी. ‘आपण कोण?’ याऐवजी ‘आपण जेवलात काय?’ हा प्रश्न ज्या दारात प्रथम विचारला जाईल, त्याच वास्तूस धर्मशाळा हे नाव शोभेल. देणगीदारांच्या नावांची शिला दाराशी असते. ती रात्री अपरात्री आलेल्या परक्या मनुष्यासही वाचता यावी, म्हणून तिच्यावर एक दिवा असावा, एवढीच विनंती.